कादरी सरांचे शनिवार

प्रॅक्टिकलच्या परीक्षा जवळ आल्या की फार्मसीच्या कॉलेजांना एक वास सुटतो. लवंगेचं तेल, पेपरमिंट, स्पिरिट, घासून पालथे घातलेले चिनी मातीचे खल, आणि या सगळ्यात मिसळलेला पोरांच्या घामाचा, धास्तीचा वास. निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. पण एप्रिलमध्ये असल्या एखाद्या कॉलेजच्या दारातून आत शिरले की अजूनही हात आपोआप पदर खोचायला जातो.

यंदा तो वास पुन्हा भेटला. धाराशिवच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं होतं. एम.फार्म. करणाऱ्या मुलामुलींना आता डिप्लोमाच्या वर्गांचे तास घ्यावे लागतात. विषय त्यांना चांगला येतो, पण शिकवायला उभं राहिलं की गडबड होते, तेव्हा येऊन चार गोष्टी सांगा, असं म्हणाले. गेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आवारात टँकर लागलेला, त्याच्या नळीतून गळणाऱ्या पाण्याखाली कुणीतरी न विसरता बादली ठेवली होती. आत थंडगार खोली, भिंतीवर पडदा, प्रत्येकाच्या पुढ्यात लॅपटॉप. मी काही बोलायच्या आधीच एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला शिकवायला कुणी शिकवलं?"

मला वाटतं, तिला दोन ओळींचं उत्तर हवं होतं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र उमरग्याचं पत्र्याचं गोदाम उभं राहिलं.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी बी.फार्म. होऊन तेरला घरी येऊन बसले होते. वडील तिथंच प्राथमिक शाळेत मास्तर. मुलगी एवढी शिकली, आता पुढं काय, याचं उत्तर घरात कुणापाशीच नव्हतं. तेवढ्यात वडिलांच्या कानावर आलं की उमरग्याला सहकारातल्या मंडळींनी डी.फार्म.चं कॉलेज काढलंय आणि त्यांना शिकवायला माणसं मिळत नाहीत. त्या काळात आमच्याकडं जे उभं राहायचं ते सहकारी म्हणूनच उभं राहायचं. साखर, सूत, दूध, खत, सगळ्याची सोसायटी. गावोगावी औषधाची दुकानं निघत होती आणि तिथं शिकलेला फार्मासिस्ट लागायचा. आपल्याच भागातली पोरं शिकवून आपल्याच दुकानांत उभी करावीत, असं सोसायटीच्या चेअरमनांच्या मनात आलं. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांनी सोसायटीचं जुनं खताचं गोदाम झाडून घेतलं, मधे दोन भिंती घातल्या, आणि कॉलेज सुरू झालं.

खत गेलं, पण वास गेला नव्हता. दुपारी पत्रा तापला की भिंतींतून युरियाचा आणि पेंडीचा दर्प बाहेर पडायचा. आम्ही त्याच्यावर लवंगतेलाचा वास चढवायचो. समोरून हैदराबादचा रस्ता. ट्रकनं हॉर्न दिला की शिकवणाऱ्यानं वाक्य अर्धवट सोडून थांबायचं, ट्रक गेला की पुढचं अर्धं वाक्य उचलायचं. वर्गातली मुलं भोवतालच्या खेड्यांतली. काहींच्या घरी कानडी, काहींच्या घरी दखनी उर्दू, बाकीच्यांच्या घरी मराठी. आणि पुस्तकं सगळी इंग्रजीत.

शिकवणारे आम्ही तिघं. प्राचार्य कादरी सर, मी, आणि मिलिंद ओव्हाळ.

कादरी सर मूळचे उमरग्याचेच. जन्म हैदराबादमधे शिकवण्यात गेला आणि म्हातारपणी गावी परत आले. सडपातळ अंग, काळी टोपी, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे कागदात गुंडाळून ठेवलेले. मराठी बोलायचे ते आमच्यासारखंच, पण मधेच दखनी डोकवायची. आम्हा दोघांनाही बेटा म्हणायचे.

मिलिंद तामलवाडीचा. त्याचे आजोबा-वडील बौद्ध झाले ते छप्पन सालीच, आणि हा त्यानंतर जन्मलेला, म्हणून आवर्जून मिलिंद नाव ठेवलेलं. परीक्षेत तो आमच्या सगळ्या बॅचमधे पहिला आला होता. उंच, किडकिडीत, आवाज खाली. मी त्याला नावानं हाक मारायला लागले ते फार पुढं. तेव्हा आम्ही एकमेकांना सर आणि मॅडमच म्हणायचो.

माझा पहिला तास मला अजून आठवतो, कारण त्यात काही झालंच नाही. मी रात्रभर जागून लिहिलेलं वाचून दाखवलं आणि मुलांनी ते उतरवून घेतलं. शेवटी मी विचारलं, समजलं का, सगळी एका सुरात हो म्हणाली. मी खूश होऊन बाहेर आले. कादरी सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी मला परत वर्गात नेलं आणि दारापाशी बसलेल्या एका मुलाला, मॅडमनी काय सांगितलं ते तुझ्या भाषेत सांग, असं म्हटलं. मुलगा उभा राहिला आणि पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. सरांनी त्याला रागावलं नाही, मलाही नाही. शनिवारी मुलं गेल्यावर थांबा, एवढंच म्हणाले.

शनिवारी दुपारी मुलं आपापल्या गावच्या गाड्या धरायची. गोदाम रिकामं व्हायचं. मग आम्ही तिघं वर्गात. एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी बाकावर बसायचं. कादरी सर हमखास शेवटच्या बाकावर. मधे अक्षर बोलायचे नाहीत. पाठ संपला की एकच प्रश्न विचारायचे: "बेटा, आज मी घरी काय घेऊन जाऊ?"

पहिल्यांदा मी त्यांना पुष्कळ सांगितलं. गोळीचे प्रकार, त्यावरची आवरणं, पोटात विरघळण्याची वेळ. ते शांतपणे ऐकून म्हणाले, एवढं ओझं घेऊन मला एसटीत चढता येणार नाही. पुढच्या शनिवारी मी एक तृतीयांश पाठ टाकून दिला. त्याच्या पुढच्या शनिवारी अर्ध्याहून जास्त. एका तासाला एकच गोष्ट, पण ती मुलाच्या हातात नीट बसली पाहिजे, हे मी अशी एक एक वस्तू खाली ठेवत शिकले.

प्रश्न विचारून लगेच आपणच उत्तर द्यायची मला सवय होती. शांतता झाली की मला घाबरायला व्हायचं. सर म्हणाले, "प्रश्न त्यांना विचारलास ना, मग उत्तरही त्यांनाच देऊ दे. एक ट्रक जाईपर्यंत थांब." मी खरंच थांबायला लागले. हैदराबादचा एखादा ट्रक धडधडत यायचा, पत्रे वाजवून जायचा, आणि तो गेल्यावर जी शांतता पडायची तिच्यात कुठला तरी हात हळूच वर यायचा. आजही वर्गात प्रश्न विचारला की माझ्या कानात तो ट्रक जातो.

मिलिंदचा पाठ म्हणजे त्याची पाठ. त्याचं अक्षर सुरेख. सबंध फळा तो काठोकाठ भरायचा, आणि बोलायचं ते सगळं फळ्याशी. पुसायचा, पुन्हा भरायचा. वळायचा तो एकदम तास संपल्यावर. एका शनिवारी कादरी सर शेवटच्या बाकावरून उठले, वर्गाच्या मधून चालत आले आणि फळ्याखाली भिंतीला टेकून फरशीवर बसले. मिलिंद खालची ओळ लिहायला वाकला तर समोर सरांचं तोंड. तो थबकला. खडू तसाच हातात. सर त्याच्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "बोल बेटा, मी ऐकतोय."

त्या संध्याकाळी बसस्टँडवर आम्ही चहा घेत होतो. त्यानं आपणहून विषय काढला. शाळेत तो आणि त्याच्या वस्तीतली दोन-तीन पोरं दाराच्या कडेला बसायची. तसं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं, बसायची. गुरुजी वाईट नव्हते. मारायचे नाहीत, शिव्या द्यायचे नाहीत. फक्त त्या बाजूला बघायचे नाहीत. "मॅडम, शिकवताना माझ्याकडं कधी कुणी बघितलंच नाही," तो म्हणाला. "फळ्यावर जे होतं तेवढंच माझं होतं. ते म्या सगळं घेतलं. म्हणून मला वाटतं, फळा चांगला लिहिला की झालं."

हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पाढा म्हणावा तसं त्यानं सांगितलं. चहाचे ग्लास परत केले आणि आम्ही आपापल्या वाटेनं गेलो.

यंदाच्या त्या थंड खोलीत एक हुशार मुलगा पाठ द्यायला उभा राहिला. फळा नव्हता, पडद्यावर रंगीत चित्रं सरकत होती, आणि तो आमच्याकडं पाठ करून पडद्याशी बोलत होता. त्याला कुणी दारापाशी बसवलं असेल असं नाही. नुसती भीती असेल. माणसाच्या डोळ्यांपेक्षा भिंत सोपी असते. मी त्याला लगेच अडवलं नाही. उठून पडद्याखाली जाऊन बसावं असं मनात आलं, पण गुडघ्यांनी नाही म्हटलं.

त्या वर्षी पावसानं आमच्या भागाकडं पाठ फिरवली होती. बहात्तरचा दुष्काळ आम्ही शाळकरी असताना पाहिलेला. शाळेत मिळणाऱ्या सुकडीची चव अजून जिभेवर होती. हा तेवढा मोठा नव्हता. पण फेब्रुवारीतच गोदामामागच्या विहिरीचा तळ दिसायला लागला आणि मार्चमधे तळही सुकला. एक दिवसाआड टँकर यायचा. मुलं पुस्तकं आणि कळशी दोन्ही घेऊन कॉलेजला यायची. मिलिंदचे आईवडील तामलवाडीकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. तो रविवारी घरी जाऊन यायचा आणि सोमवारी त्याच्या तळहातांना फोड असायचे. विचारलं तर आईच्या वाटणीची फोडून आलो म्हणायचा.

फार्मसीचं प्रॅक्टिकल म्हणजे पाणी. धुवायला पाणी, उकळायला पाणी, वाफ थंड करायला पाणी. सरांनी हिशोब करून बरीचशी प्रॅक्टिकलं रद्द केली. उरलेल्यांसाठी रोज एक माठ बाजूला ठेवला. सगळ्यांना पाणी थेंबाथेंबानं वापरायची सवय लागली. खल वाळूनं घासायचा आणि ओल्या फडक्यानं पुसायचा. कुणाच्या हातून माप कलंडलं तर वर्गभर चर्र व्हायचं.

याच दिवसांत काही मुलं अण्णांकडं जाऊन आली. त्यांच्यात पुढं होता शिवाप्पा. कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या गावचा, लग्न झालेला, वर्गात सगळ्यांत मोठा. दोन एकर रान पडीक ठेवून शिकायला आलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं: परीक्षा तोंडावर आलीय, ओव्हाळ सरांचं काही कळत नाही, नापास झालो तर पुन्हा एक वर्ष बसायची आमची ऐपत नाही, सर बदलून द्या. त्यात खोटं काही नव्हतं. पण माझंही त्यांना पुष्कळसं कळत नव्हतं आणि माझ्याविषयी कुणी गेलं नव्हतं. शिवाप्पाबरोबर गेलेल्या दोघातिघांच्या बोलण्यात सरांच्या शिकवण्यापेक्षा सरांचं आडनाव जास्त होतं, हेही कानावर आलं.

अण्णा दुसऱ्या दिवशी कॉलेजवर आले. मी शेजारच्या खोलीत खल पुसत होते. मधली भिंत वरपर्यंत नव्हती, सगळं ऐकू येत होतं. अण्णा वाईट माणूस नव्हते. ओव्हाळांच्या पोराला आपण बोलवून घेतलंय, त्याला तसाच घालवायचा त्यांचा विचार नव्हता. पण वर्ष भरलं की नेमणूक संपतेच आहे, ती पुढं वाढवायची नाही, म्हणजे बोभाटा होणार नाही, असं त्यांनी सुचवलं. कादरी सरांनी अण्णांना विचारलं की तुम्ही त्याचा एक तरी तास ऐकलाय का. अण्णा म्हणाले, आपल्याला त्यातलं काय कळतंय. सर म्हणाले, "मग तर तुम्हीच या. न कळणारा माणूस वर्गात असला की शिकवणं बरोबर तोललं जातं. या आणि मग ठरवा."

दिवस ठरला. शनिवारच, पण या वेळी मुलांसकट.

सरांनी मिलिंदपासून काही लपवलं नाही. कोण गेलं, काय म्हणालं, आडनावाचं काय बोलणं झालं, सगळं सांगितलं. मिलिंद ऐकून म्हणाला की मग मी आजच जातो, सोलापूरच्या एका दुकानात मला जागा आहे. सर म्हणाले, जायचं तर खुशाल जा. "पण एक तास शिकवून जा. आतापर्यंत तू लिहिलंस. शिकवायचं राहिलंय तुझं."

पुढचे दिवस आम्ही रोज संध्याकाळी थांबायला लागलो. सरांनी त्याच्या हातातला खडू काढून घेतला. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळेना. कधी खिशात, कधी पाठीमागं. सरांनी मला समोर बसवलं आणि त्याला सांगितलं की सगळ्या वर्गाकडं बघू नकोस, वर्ग म्हणून कुणी नसतो. एक वाक्य एका माणसाला सांग. ते त्याला पोचलं असं दिसलं की दुसरं वाक्य दुसऱ्याला. माझ्याकडं बघून तो पहिलं वाक्य बोलला तेव्हा त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. तो माझ्या डोळ्यांत बघत नव्हता, कपाळाकडं बघत होता. सर म्हणाले, चालेल, आज कपाळापर्यंत आलास.

त्या तासासाठी विषय होता इमल्शन. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. डिंकाच्या मदतीनं त्यांना खलात घोटून दुधासारखं एकजीव औषध करायचं. चार भाग एरंडेल, दोन भाग पाणी, एक भाग बाभळीचा डिंक. परीक्षेत हे हमखास यायचं आणि मुलांचं हमखास बिघडायचं.

शनिवारी वर्ग भरला. अण्णा धोतर सावरत पहिल्या बाकावर बसले. कादरी सर नेहमीच्या जागी, मागं. मी खिडकीपाशी. मिलिंद आत आला. फळा कोरा होता. त्यानं टेबलावर खल ठेवला, डिंकाचा एक खडा उचलला आणि मुलांना विचारलं की हा लहानपणी कुणी खाल्लाय. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मिलिंद थांबला. रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग एक हात वर आला, मग दुसरा, मग जवळजवळ सगळे. शेळ्या राखताना बाभळीचा डिंक चघळला नाही असं पोर आमच्या भागात सापडायचं नाही. अण्णांनीही हात वर केला आणि मग ओशाळून खाली घेतला. मिलिंद म्हणाला, मग ह्या औषधाची ओळख तुम्हाला आधीचीच आहे.

इथवर छान चाललं होतं. त्यानं तेलात डिंक खलला. मग माठातलं पाणी मापात घेतलं आणि ते खलात घालायला लागला. हळूहळू, धार बारीक ठेवून, एक थेंब बाहेर जाऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करत. बत्ता फिरत राहिला, पण आतलं काही पांढरं होईना. तेल एकीकडं, चिकट गोळा एकीकडं. इमल्शन फुटलं होतं. वर्गात कुणीतरी खुसकन हसलं.

मी मिलिंदकडं बघत होते. त्याची मान फळ्याकडं वळली. आता हा वळणार, सगळं लिहून काढणार आणि तास संपेपर्यंत तोंड दाखवणार नाही, असं मला वाटलं. पण त्याच्या हातात खडू नव्हता. मग मान परत वर्गाकडं वळवून त्यानं थेट शिवाप्पाकडं बघितलं. कपाळाकडं नाही, डोळ्यांत.

"शिवाप्पा, माझं काय चुकलं?"

शिवाप्पा उठला. तो आधी अण्णांकडं बघायला लागला, मग मिलिंदकडं. मिलिंदनं त्याच्यावरची नजर काढली नाही, आणि उत्तरही स्वतः दिलं नाही.

"सर," शिवाप्पा शेवटी म्हणाला, "पाणी भिऊन भिऊन घातलाव तुमी. पुस्तकात एकदम घाला म्हणतंय की."

मिलिंद हसला. त्याला वर्गात हसताना मी पहिल्यांदा बघितलं. तो म्हणाला, अगदी बरोबर. मग त्यानं एका एका मुलाकडं बघत सांगितलं की यंदा आपल्या सगळ्यांच्या हाताला थेंबाची सवय लागलीय, ती वाईट नाही, पण इथं ती चालत नाही. डिंकाला सगळं पाणी एकाच वेळी मिळालं तरच तो तेलाला सांभाळतो. थोडं थोडं दिलं तर तो स्वतःच सगळं पिऊन बसतो. हे सांगून झाल्यावर त्यानं शिवाप्पाला पुढं बोलावलं, दुसरा खल दिला, आणि माठातलं मापभर पाणी त्याच्या हातात देऊन म्हणाला, ओता. शिवाप्पानं डोळे मिटून एकदम ओतलं आणि बत्ता भराभरा फिरवायला सुरुवात केली. मिलिंदनं सगळ्यांना सांगितलं की आता बघू नका, नुसतं ऐका.

पत्र्याखाली एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. आधी नुसती घरघर. मग हळूहळू खलातून चटचट असा बारीक, चिकट आवाज यायला लागला, भाकरी परतताना तव्यावर येतो तसा. इमल्शन जमलं की हाच आवाज येतो. मिलिंदनं विचारलं, ऐकलं का. या वेळी हो म्हणायला कुणी घाई केली नाही. मागच्या बाकावरची मुलं उठून पुढं आली, खलाभोवती डोकी जमली. आत सायीसारखं पांढरंशुभ्र झालं होतं.

तास संपला तेव्हा फळा कोराच होता. कादरी सरांनी मागून आपला प्रश्न विचारला नाही. अण्णांनी मात्र बाहेर पडताना विचारलं की हे पांढरं झालेलं औषध प्यायचं का लावायचं, आणि मिलिंदनं त्यांना पायऱ्यांवर उभं राहून सगळं समजावून सांगितलं.

एका तासानं सगळं पालटलं असं मी म्हणणार नाही. पुढचे काही तास मिलिंद पुन्हा फळ्याकडं वळायचा, मग आठवण झाल्यासारखा फिरायचा. आडनावाचं बोलणारे बोलत राहिले. त्यातल्या एकानं शेवटपर्यंत त्याच्या तासाला वही उघडली नाही. अण्णांनी नेमणूक वाढवली, पण एकाच वर्षासाठी, आणि पुढची काही वर्षं ती तशीच एकेका वर्षानं वाढत राहिली. मिलिंद ते बोलून दाखवायचा नाही, फक्त जून जवळ आला की गप्प व्हायचा. शिवाप्पा पास होऊन दुसऱ्या वर्षाला गेला. कादरी सरांची तब्येत खालावली तसे ते घरी बसले, पण शनिवारी आम्हाला घरी बोलवायचे आणि खाटेवर पडून पाठ ऐकायचे. पुढं नवे मास्तर आले तेव्हा त्यांना सरांच्या खाटेपाशी आम्हीच घेऊन जायचो. सर गेले त्यानंतर मिलिंदनं शनिवार चालू ठेवले. तो मोठ्या कॉलेजात गेला, शिकवणाऱ्यांना शिकवणारा म्हणून लोक त्याला लांबलांबून बोलवायला लागले. माझं लग्न होऊन मी लातूरला, मग धाराशिवला आले. जिथं गेले तिथं शनिवारी दोन तरी माणसं धरून बसवली.

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की मला शिकवायला एका म्हाताऱ्या माणसानं आणि एका बरोबरीच्या माणसानं शिकवलं. मग पडद्याशी बोलणाऱ्या त्या मुलाला पडदा बंद करायला सांगितला आणि मी त्याच्या समोर जाऊन बसले. त्यानं पहिलं वाक्य माझ्या कपाळाला उद्देशून म्हटलं. मला बरं वाटलं. कपाळापर्यंत आलेला माणूस पुढं येतो.

मिलिंदचे वडील मी एकदाच पाहिले. त्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात बरं पिकलं होतं आणि थंडीत ज्वारी हुरड्यात आली होती. एका सकाळी मिलिंदचा तास चालू असताना एक वयस्क माणूस गोदामाच्या दारात येऊन उभा राहिला. पांढरा पटका, खांद्यावर धडप्यात बांधलेलं काहीतरी. आत यायचं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मी व्हरांड्यात होते. मी काही म्हणायच्या आत मिलिंदनं बोलता बोलता त्यांना बघितलं, दोन पावलं पुढं येऊन हातानं बाकाकडं खूण केली आणि पुन्हा आपल्या वाक्यात शिरला. ते पहिल्याच बाकाच्या कडेला अवघडून बसले. धडपं मांडीवर घेऊन त्यांनी तो सबंध तास ऐकला.

तास झाल्यावर मी त्यांना पाणी दिलं आणि कसं वाटलं म्हणून विचारलं.

"कळलं तर काय न्हाय बाई," ते म्हणाले. "इंग्रजी हुतं लई. पर पोरं लिवायचं सोडून त्याच्याकडं बघत हुती."

मग त्यांनी धडपं सोडून कोवळा हुरडा काढला, कादरी सरांसाठी, माझ्यासाठी, आणि उरलेला मुलांत वाटा म्हणाले. थांबायला तयार नव्हते, रानात तुरीची कापणी लागली होती. मिलिंद त्यांना बसमधे बसवून द्यायला स्टँडवर गेला. पुढचाही तास त्याचाच होता. गाडीला उशीर झाला असावा. घंटा होऊन गेली तरी तो आला नाही. एक-दोघं दप्तर उचलून उठायला लागले तसा शिवाप्पा हुरड्याचे दाणे तळहातावर चोळत म्हणाला, "बसा की. येतेत सर."

आणि सगळी बसून राहिली.